एकाच ताऱ्याचं लॉग जी दोनदा मोजलं आणि दोन उत्तरं आली, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सूर्यासारख्या एका ताऱ्याचा चांगला वर्णपट हातात आहे: विभेदनक्षमता ४५,००० च्या आसपास, सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर दीडशे. लोहाच्या रेषांचा समतोल साधून तापमान ५८६० केल्विन, लॉग जी (पृष्ठभागावरच्या गुरुत्वाचं लॉगॅरिदममधलं माप) ४.४२ आणि लोहाचं प्रमाण सूर्याच्या तुलनेत, लॉगॅरिदमच्याच मापात, −०.१० आलं. मग कृत्रिम वर्णपट जुळवणारा दुसरा प्रोग्राम चालवला, तर त्यानं ५७२०, ४.१० आणि −०.२१ दिलं. दोन्ही प्रोग्राम आपापली त्रुटी फार लहान दाखवतात. तर यातलं खरं कोणतं? आणि इतक्या लांबून ताऱ्याच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व खरंच मोजता येतं, की हा सगळा आकड्यांचा खेळ आहे?

आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तो सुटला की पहिल्याचं निम्मं उत्तर हातात येतं.

वर्णपटाला गुरुत्व दिसत नाही, त्याला फक्त दाब कळतो. ताऱ्याच्या ज्या थरातून प्रकाश सुटून आपल्याकडे निघतो, तो दीप्तिगोल सूर्याच्या बाबतीत जेमतेम काहीशे किलोमीटर जाडीचा आहे. सात लाख किलोमीटर त्रिज्येपुढे तो पापुद्राच. या पापुद्र्यातला वायू स्वतःच्याच वजनाखाली दबलेला असतो. गुरुत्व जास्त असेल तर वायू दाट होतो, अणू एकमेकांना जास्त धक्के देतात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा आयनांना सहज सापडतात. गुरुत्व कमी असेल तर सगळं विरळ आणि निवांत. आपण वर्णपटातल्या काळ्या रेषांमधून हा दाटपणा वाचतो आणि त्यावरून गुरुत्वाचा आकडा काढतो. मधे एक पायरी आहे, आणि घोळ बहुतेक वेळा त्या पायरीवरच होतो.

लॉग जी म्हणजे सेंटिमीटर-सेकंद एककांतल्या गुरुत्वीय त्वरणाचा लॉगॅरिदम. सूर्याचं त्वरण सुमारे २७,४०० म्हणून लॉग जी ४.४४. पृथ्वीचं ९८१, म्हणजे २.९९. स्वाती हा तांबूस राक्षसी तारा १.६ च्या आसपास आहे, म्हणजे तिथलं गुरुत्व पृथ्वीच्याही पंचविसाव्या हिश्शाइतकंच. श्वेतबटूंचं लॉग जी ८ च्या घरात जातं. सूर्य ते स्वाती हा फरक जवळपास सातशे पटींचा आहे, त्यामुळे तो डोळ्यांनीही ओळखता येतो. १८९७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत अँटोनिया मॉरी यांनी हेच केलं होतं. काही ताऱ्यांच्या रेषा त्याच वर्गातल्या इतर ताऱ्यांपेक्षा विलक्षण बारीक आणि रेखीव दिसल्या म्हणून त्यांनी त्या ताऱ्यांना वेगळी खूण दिली. हे तारे प्रत्यक्षात अवाढव्य तेजस्वी आहेत, हे १९०५ मध्ये हर्ट्‌झस्प्रुंग यांनी ओळखलं. १९१४ मध्ये माउंट विल्सनवर अ‍ॅडम्स आणि कोलश्युटर यांनी काही निवडक रेषांच्या तीव्रतेवरून ताऱ्याची तेजस्विता ठरवता येते हे दाखवून दिलं. म्हणजे खेळ नव्हे, शंभराहून जास्त वर्षं चालत आलेली रीत आहे. पण त्यांना राक्षसी आणि बटू (म्हणजे सूर्यासारखे, न फुगलेले तारे) एवढंच वेगळं करायचं होतं. तुम्ही ४.१० आणि ४.४२ मधला फरक मागताय, तो दोन पटींचा आहे. तिथे डोळा कामाचा नाही.

आता रेषांकडे येऊ. पहिली सवय मोडायची ती ही: रेषा खोल म्हणजे मूलद्रव्य भरपूर, असं समजू नका. सूर्याच्या दृश्य वर्णपटातल्या सर्वांत दांडग्या रेषा आयनित, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या, कॅल्शियमच्या आहेत, पण सूर्यावर साधारण साडेचार लाख हायड्रोजन अणूंमागे कॅल्शियमचा एक अणू असतो. हायड्रोजनच्या दृश्य रेषा उमटायला अणू आधीच दुसऱ्या पातळीवर चढलेला हवा. त्याला १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि सूर्याच्या तापमानाला अब्जात पाचेक अणूच तिथे सापडतात. कॅल्शियमचे जवळजवळ सगळे आयन मात्र तळच्या पातळीवर, शोषणाला तयार बसलेले असतात. मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचं समीकरण मांडलं तेव्हा हा हिशेब करता येऊ लागला. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी तो प्रबंधात करून दाखवला आणि तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचं उत्तर त्यांना मिळालं. हेन्री नॉरिस रसेल यांच्या आक्षेपामुळे त्यांना तो निष्कर्ष ‘जवळजवळ नक्कीच खरा नाही’ असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेनं तिथेच पोहोचले.

हे सांगण्यामागे कारण आहे. तापमान, दाब आणि प्रमाण या तिन्हींचा हात प्रत्येक रेषेवर असतो. एकट्या रेषेला विचारलं तर ती तिघांचं मिळून एकच उत्तर देते. म्हणून आपण वेगवेगळ्या स्वभावाच्या रेषा शोधतो, आणि लोह या कामाला सर्वांत सोयीचं, कारण उदासीन आणि आयनित अशा दोन्ही लोहाच्या रेषा दृश्य प्रकाशात ढिगानं मिळतात.

लोहाचा समतोल गुरुत्व का सांगतो, हे मी नवीन विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो. बहुतेक जण चुकतात, आणि चूक अगदी स्वाभाविक असते. सूर्यासारख्या ताऱ्याच्या दीप्तिगोलात लोहाच्या दहापैकी नऊहून अधिक अणूंनी एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. दाब थोडा हलला तरी आयनित लोहाच्या साठ्यात फरक पडत नाही, कारण लोह जवळपास सगळं त्याच रूपात आहे. उदासीन लोह हे उरलंसुरलं. इलेक्ट्रॉनांचा दाब वाढला की ते त्याच प्रमाणात वाढतं. एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग दाबाला हळवी रेषा उदासीन लोहाचीच असणार.

प्रत्यक्षात उलट घडतं. रेषेची खोली ठरते ती रेषेतलं शोषण भागिले पार्श्वभूमीचं, म्हणजे रेषांच्या आजूबाजूच्या सलग प्रकाशाचं, शोषण या गुणोत्तरावरून, आणि सूर्यासारख्या ताऱ्यात पार्श्वभूमीचं शोषण करतो ऋण हायड्रोजन आयन. हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन अगदी सैलसर चिकटलेला असतो, पाऊण इलेक्ट्रॉन-व्होल्टनं सुटावा इतका सैल. ही गोष्ट रुपर्ट विल्ट यांनी १९३९ मध्ये लक्षात आणून दिली. या ऋण आयनांची संख्यासुद्धा इलेक्ट्रॉनांच्या दाबाच्या प्रमाणात चालते. आता भागाकार करा. उदासीन लोहासाठी वर दाब आणि खालीही दाब, दोन्ही कटले, रेषा जिथल्या तिथे. आयनित लोहासाठी वर स्थिर संख्या, खाली दाब. म्हणून दाब कमी झाला की आयनित लोहाची रेषा बळावते. राक्षसी ताऱ्यांत आयनित रेषा ठळक दिसतात त्याचं मूळ इथे आहे. साठा वाढलेला नसतो, समोरचं धुकं विरळ झालेलं असतं.

म्हणून रीत अशी: लॉग जी तोवर हलवत राहायचं, जोवर उदासीन आणि आयनित रेषा लोहाचं एकच प्रमाण सांगू लागतात. तापमानासाठी याच धर्तीवर वेगवेगळ्या उत्तेजन-ऊर्जेच्या उदासीन रेषा एकमेकींशी जुळवतात. कमकुवत आणि बळकट रेषा एकच उत्तर देऊ लागतील अशा बेतानं मायक्रोटर्ब्युलन्स, म्हणजे वायूच्या बारीक खळबळीचा वेग, ठरवतात. सूर्यासारख्या ताऱ्यात तो सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास निघतो, राक्षसी ताऱ्यांत दीड-दोन.

गरम ताऱ्यांत ही युक्ती बदलते. व्याध किंवा अभिजितसारख्या ताऱ्यात पार्श्वभूमीचं शोषण ऋण आयनाकडून उदासीन हायड्रोजनकडे जातं आणि मग भागाकारातला दाब कटत नाही. त्यामुळे तिथे हायड्रोजनच्या रेषांचे पंख, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंचे पसरट भाग, थेट गुरुत्व दाखवतात. साधारण ८००० केल्विनच्या खाली मात्र तेच पंख गुरुत्वाला जवळपास बधिर असतात आणि तापमानाला चांगले हळवे. रेषा तीच, ताऱ्यागणिक तिचं काम वेगळं. तुमच्या ताऱ्यासाठी एच-अल्फा ही हायड्रोजनची तांबडी रेषा तापमानमापक समजा.

आता तुमचे दोन आकडे समोर ठेवतो. सूर्यासारख्या ताऱ्यात तापमान १०० केल्विननं वाढवलं की उदासीन लोहावरून काढलेलं प्रमाण साधारण ०.०८ नं वाढतं आणि आयनित लोहावरून काढलेलं साधारण ०.०३ नं घटतं. लॉग जी ०.१ नं वाढवलं तर उदासीन रेषा फारशा हलत नाहीत, आयनित रेषांचं प्रमाण ०.०४ ते ०.०५ नं वर जातं. तुमच्या दोन उत्तरांत तापमानाचा फरक १४० केल्विनचा आहे. तेवढ्यानं उदासीन लोहाचं प्रमाण सुमारे ०.११ नं वर जाईल, आयनितचं ०.०४-०.०५ नं खाली, म्हणजे दोघांत दीड दशांशाची (०.१५) फट पडेल. ती बुजवायला लॉग जी ०.३ ते ०.३५ नं वाढवावं लागेल. तुमच्या आकड्यांतला फरक पाहा: लॉग जीमध्ये ०.३२, लोहात ०.११.

म्हणजे दोन्ही प्रोग्रामांचं एकमेकांशी भांडण नाहीच. दोघेही एकाच उतरंडीवर उभे आहेत, फक्त एक वरच्या पायरीवर आणि दुसरा खालच्या. तुमच्या वर्णपटाला ही उतरंड नीट माहीत आहे, तिच्यावरची नेमकी पायरी मात्र तो सैलपणे सांगतो. प्रोग्राम जी त्रुटी छापतात ती बहुधा एकेका आकड्याची असते, बाकीचे आकडे जागेवर स्थिर धरून. तापमान, लॉग जी, लोह आणि मायक्रोटर्ब्युलन्स हे चारही आकडे एकत्र हलू दिले तर ती त्रुटी किती ताणली जाते हे तुम्ही स्वतः करून पाहा. कोण कुठल्या पायरीवर थांबतो ते रेषांची यादी, पार्श्वभूमीची पातळी कुठे धरली, कुठला प्रारूप-वातावरणांचा संच वापरला अशा गोष्टींवर अवलंबून असतं.

पायरी ठरवायला बाहेरून माणूस बोलवावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे, आणि या धंद्यातले सगळे माझ्याशी सहमत नसतील: गुरुत्व बाहेरून मिळत असेल तर ते बाहेरूनच घ्यावं आणि वर्णपटाला रसायन विचारावं. वर्णपट रसायनात हुशार आहे, गुरुत्वात कामचलाऊ.

सूर्यासारख्या जवळच्या ताऱ्यासाठी बाहेरचा साक्षीदार म्हणजे गाया यानाचे पॅरॅलॅक्स, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं सूक्ष्म सरकणं, ज्यावरून अंतर आणि मग तेजस्विता कळते. वस्तुमान सूर्याइतकं धरा. लॉग जी ४.१० असेल तर त्रिज्या सूर्याच्या जवळपास दीडपट निघते आणि ५७२० केल्विनला तेजस्विता २.१ पट. लॉग जी ४.४२ असेल तर त्रिज्या १.०२ पट आणि ५८६० केल्विनला तेजस्विता १.१ पट. तेजस्वितेत जवळपास दुपटीचा, म्हणजे ०.७ प्रतीचा फरक आहे. तारा शंभर पार्सेकवर (सुमारे ३२६ प्रकाशवर्षांवर) असला तर त्याचा पॅरॅलॅक्स दहा मिलि-आर्कसेकंद, आणि २०२२ च्या गाया यादीत अशा ताऱ्याची त्रुटी साधारण ०.०२ ते ०.०३ मिलि-आर्कसेकंद असते. अंतरातली अनिश्चितता टक्क्याच्याही खाली. त्यापुढे दुपटीचा फरक लपणं शक्यच नाही. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.

वस्तुमानाचं काय, असं विचाराल. त्याचा अंदाज उत्क्रांतीच्या प्रारूपांवरून घ्यावा लागतो हे खरं, पण वस्तुमानात दहा टक्के चूक झाली तरी लॉग जी ०.०४ नंच हलतं. सध्याच्या भांडणापुढे ते काहीच नाही. धोका दुसरीकडे आहे. तारा जोडतारा असेल आणि दोघांचा प्रकाश मिसळून येत असेल, तर सारख्याच दोन ताऱ्यांची तेजस्विता बरोबर दुप्पट दिसते. म्हणजे ४.४२ चा साधा तारा खुशाल ४.१० चा वेश घेऊन उभा राहील. म्हणून रेषा दुहेरी किंवा विचित्र बेढब दिसतात का, वेगवेगळ्या रात्रींचे त्रिज्यीय वेग (आपल्याकडे येण्या-जाण्याचे वेग) जुळतात का, गायाच्या यादीत त्या ताऱ्याची मांडणी नीट बसली आहे का, हे बघून घ्या. वाटेत धूळ असेल तर तिचाही हिशेब धरावा लागतो, पण शंभर पार्सेकच्या आत ती सहसा फार त्रास देत नाही.

दुसरा साक्षीदार याहून पक्का, पण प्रत्येकाच्या नशिबी नसतो. सूर्यासारखे तारे थरथरतात. या थरथरीची सर्वांत जोरदार वारंवारता गुरुत्वाच्या प्रमाणात आणि तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात चालते. सूर्यात ती सुमारे ३१०० मायक्रोहर्ट्झ, म्हणजे पाचेक मिनिटांची लय. राक्षसी ताऱ्यांत तीच लय तासांवर आणि दिवसांवर जाते. केप्लर यानानं हजारो ताऱ्यांची ही लय पकडली, टेस यानानं पुढे त्यात भर घातली. तुमचा तारा त्या यादीत सापडला, तर लॉग जी ०.०२-०.०३ इतक्या अचूकतेनं मिळेल आणि माझं अर्धं उत्तर तुम्ही वाचायची गरजही उरणार नाही.

दोन्ही साक्षीदार नसतील तर बळकट रेषांच्या पंखांवर यावं लागतं. मॅग्नेशियमच्या ५१६७, ५१७२ आणि ५१८३ अँगस्ट्रॉमच्या तीन रेषा, कॅल्शियमची ६१६२ ची रेषा. हायड्रोजन अणूंच्या धडकांनी त्यांचे पंख पसरतात, म्हणून त्यांना दाबाची जाण असते. पण पंखांत मॅग्नेशियमचं प्रमाणही मिसळलेलं असतं. जुन्या, धातू (खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियमपलीकडची सगळी मूलद्रव्यं) कमी असलेल्या ताऱ्यांत लोहाच्या मानानं मॅग्नेशियम जास्त असतं. लोहाचा आकडा तसाच मॅग्नेशियमलाही लावला, तर जादा मॅग्नेशियम तुम्ही जादा गुरुत्व म्हणून वाचाल. म्हणून आधी मॅग्नेशियमच्या बारीक रेषांवरून त्याचं प्रमाण ठरवायचं आणि मगच पंखांकडे जायचं. प्रोग्राम हे आपणहून करत नाहीत.

रसायनाकडे वळण्याआधी माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका तारकापुंजातल्या बटू आणि राक्षसी ताऱ्यांचं लोह मी मोजलं. राक्षसी ताऱ्यांत ते दीड दशांशानं कमी निघालं. एकाच ढगातून जन्मलेल्या ताऱ्यांत एवढा फरक! मी आठवडाभर कारणमीमांसा रचत बसलो, विसरण, मिश्रण, काय काय. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं माझे आलेख पडद्यावर मोठे करून पाहिले आणि विचारलं, ही पार्श्वभूमीची रेघ इथून का काढलीस? राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात रेषांची इतकी गर्दी असते की खरी पार्श्वभूमी फार थोड्या जागी उघडी पडते. मी गर्दीचं डोकं हीच पार्श्वभूमी समजलो होतो. रेघ दोनेक टक्के खाली बसली, प्रत्येक रेषा तेवढी उथळ मोजली गेली, आणि लोह ‘नाहीसं’ झालं. तेव्हापासून कुठलाही आकडा पाहण्याआधी मी पार्श्वभूमीची रेघ पाहतो. निळ्या भागात तर एकदा सोडून दोनदा.

रेषेतून प्रमाण काढताना रेषेची तुल्यरुंदी मोजतात, म्हणजे रेषेनं जितका प्रकाश खाल्ला तितकाच पूर्ण काळा पट्टा किती रुंद होईल ते. बारीक रेषेत अणू दुप्पट झाले की तुल्यरुंदी दुप्पट होते. रेषा बळावली की तिचा मध्य भरून जातो आणि मग अणू कितीही वाढवा, ती हटून बसते. त्याही पुढे पंख फुटल्यावर ती वर्गमुळाच्या चालीनं पुन्हा वाढू लागते. मधल्या हटवादी टप्प्यात रेषा प्रमाणापेक्षा मायक्रोटर्ब्युलन्सचंच जास्त ऐकते, म्हणून ती टाळायची. सूर्यासारख्या ताऱ्यात मी साधारण १० ते ८० मिलिअँगस्ट्रॉमच्या रेषा ठेवतो. आयनित लोहाच्या अशा स्वच्छ रेषा दहा-पंधरा मिळाल्या तरी नशीब. त्यातल्या दोन जरी दुसऱ्या रेषेत मिसळलेल्या निघाल्या, तरी तुमचं लॉग जी एक दशांशानं घसरू शकतं. शंका आली की रेषा फेकून द्या. इथे लोभ महागात पडतो.

आणि सर्वांत उपयोगी सवय: त्याच उपकरणानं, त्याच मांडणीत घेतलेला सूर्याचा वर्णपट त्याच प्रोग्राममधून काढा. सूर्याकडे थेट बघायचं नाही. चंद्र किंवा वेस्टासारख्या लघुग्रहावरून परावर्तित झालेला प्रकाश घ्यायचा. प्रोग्रामनं सूर्यासाठी ५७७२ केल्विन, ४.४४ आणि शून्याच्या जवळपासचे आकडे दिले नाहीत, तर तुमच्या ताऱ्याच्या आकड्यांवर चर्चा करण्यात अर्थ नाही. मग प्रत्येक रेषेची तुलना सूर्याच्या त्याच रेषेशी करा. प्रयोगशाळेतून आलेल्या संक्रमण-संभाव्यतांमधल्या (अणू ती रेषा किती सहज शोषतो त्या आकड्यांमधल्या) चुका दोन्हीकडे सारख्याच असतात, त्या वजाबाकीत निघून जातात. २००९ मध्ये मेलेंडेझ आणि सहकाऱ्यांनी ११ सूर्यसदृश ताऱ्यांवर हेच केलं. त्यात त्यांना दिसलं की अशा सरासरी ताऱ्याच्या तुलनेत सूर्यात उच्च तापमानाला घनरूप होणारी मूलद्रव्यं, बाष्पशील मूलद्रव्यांच्या मानानं, सुमारे २० टक्क्यांनी कमी आहेत. इतका बारीक फरक वजाबाकीशिवाय दिसलाच नसता.

वजाबाकी सोडून निरपेक्ष प्रमाणाकडे गेलात की जमीन हलायला लागते. सूर्यावरच्या ऑक्सिजनचंच पाहा. १९८९ मध्ये स्वीकारलेला आकडा ८.९३ होता, हायड्रोजनला १२ धरणाऱ्या लॉगॅरिदमच्या मापात. २००९ मध्ये तो ८.६९ झाला, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन कागदावरून गेला. सूर्य तोच होता. त्रिमितीय प्रारूपं आली, अणू-पातळ्यांचा समतोल गृहीत न धरता हिशेब झाले, आणि ६३०० अँगस्ट्रॉमच्या ऑक्सिजन-रेषेत निकेलची एक रेषा दडून बसलेली सापडली. लोहाचा आकडा तुलनेनं भरवशाचा आहे: सुमारे ७.५, म्हणजे तीसेक हजार हायड्रोजन अणूंमागे एक लोह.

हे सगळं सूर्यासारख्या, संथ फिरणाऱ्या ताऱ्यासाठी झालं. तारा वेगानं फिरत असेल तर रेषा फैलावून एकमेकींत मिसळतात आणि रेषा-रेषा मोजणं सोडून द्यावं लागतं. अभिजित तर आणखी फसवा. त्याच्या रेषा बारीक दिसतात कारण त्याचा ध्रुव जवळपास आपल्या दिशेला आहे. प्रत्यक्षात तो गरगर फिरतो, विषुववृत्तावर फुगलेला आहे आणि ध्रुवापाशी व विषुववृत्तावर त्याचं गुरुत्व वेगवेगळं आहे. अशा ताऱ्याचं लॉग जी एका आकड्यात सांगणं म्हणजे सोय, वस्तुस्थिती नव्हे. तांबड्या बटूंमध्ये रेणूंच्या पट्ट्यांची इतकी गर्दी असते की पार्श्वभूमी नावाची गोष्टच दिसत नाही. धातू फार कमी असलेल्या राक्षसी ताऱ्यांत अतिनील प्रकाश वातावरणात खोलवरून वर येतो आणि उदासीन लोहाला साहांच्या समीकरणापेक्षा जास्त आयनित करून टाकतो. त्यामुळे साधा हिशेब उदासीन लोह कमी मोजतो, आणि समतोल साधण्याच्या नादात लॉग जी खाली ओढलं जातं. तुमचा तारा यातला नाही, पण पुढे असा तारा हाती आला की लोहाच्या समतोलावर विश्वास ठेवू नका.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. आधी सूर्याचा वर्णपट दोन्ही प्रोग्राममधून काढा. एखादा तिथेच गळेल. मग गायावरून तेजस्विता काढा आणि त्यातून लॉग जी. ते लॉग जी स्थिर ठेवून तापमान आणि लोह पुन्हा काढा. उदासीन आणि आयनित लोहात ०.०५ च्या आत मेळ बसला तर छान. मेळ बसला नाही तर लॉग जी हलवून तो बसवू नका. आधी तापमान, मग आयनित लोहाच्या रेषा एकेक करून तपासा. पद्धतीवरच शंका असेल तर प्रश्वा (प्रोसिऑन) हा तारा वापरून बघा. त्याच्याभोवती श्वेतबटू फिरतो म्हणून त्याचं वस्तुमान माहीत आहे, त्याचा कोनीय व्यास इंटरफेरोमीटरनं मोजलेला आहे, आणि दोन्हींवरून लॉग जी ४.० च्या अगदी जवळ येतं, वर्णपटाला एक शब्दही न विचारता.

आणि शेवटचा आकडा लिहिताना प्रोग्रामनं छापलेली त्रुटी तशीच उतरवू नका. केवळ वर्णपटावरून काढलं असेल तर लॉग जीला ०.१ ची त्रुटी लावणंसुद्धा मला धाडसाचंच वाटतं. पॅरॅलॅक्सवरून काढलं असेल तर ०.०३-०.०४ चालेल. लोहाला ०.०५ लावा, आणि लॉग जी कुठून घेतलं ते त्याच ओळीत लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला उतरंडीवरची पायरी कुणी ठरवली ते कळेल.